ब्रेक के पहले!

साकीनाक्यात राहणाऱ्या माणसाला ब्रेकबद्दल कोण काय शिकवणार? सिग्नलपासून मेट्रो स्टेशनपर्यंत आम्ही अॅक्सिलरेटरपेक्षा ब्रेकच जास्त दाबतो. मीही याच भ्रमात होतो. मग गेल्या मे महिन्यात बोरघाट आला.

गाडी बाबांची. ८६ची प्रीमियर पद्मिनी, आमच्या शेजारच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात जन्मलेली. १९६४मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली ही गाडी २००१च्या सुमारास बनायची थांबली. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रिटायर झाल्या. आमची मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून ऐटीत उभी असते.

तर लोणावळ्याहून परतताना माझी नव्या गाडीची सवय नडली. टॉप गिअर आणि सतत ब्रेकवर पाय. अर्ध्या उतारावर पेडल मऊ लागलं आणि पुढच्या वळणाआधी चक्क तळाला टेकलं. शेजारी बाबा. "गिअर खाली घे! पंप कर!" थर्ड, सेकंड, हँडब्रेक, गाडी कडेला. अर्ध्या तासाने बघतो तर पेडल पुन्हा कडक! गळती नाही, डबीत फ्लुइडही काठोकाठ. मग झालं काय?

बॉस, आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते ऑइल नसतंच. (चुकून खरंच ऑइल ओतलंत तर आतली रबरी सील फुगून बसतात.) ते असतं ग्लायकॉलचं मिश्रण आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ फ्लुइड किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी शिरलं की हाच आकडा १४०पर्यंत घसरू शकतो. घाटात ड्रम तापतात, फ्लुइड उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो आणि चाक फिरतच राहतं. म्हणून फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं, डबी भरलेली दिसली तरी.

घरी आल्यावर विचारलं, "बाबा, शेवटचं कधी बदललं होतं तुम्ही?"

ते जरा वेळ गप्प. "गुडघे धरल्यापासून खाली बसवत नाही रे. सहा वर्षं झाली असतील."

त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी दोघं पार्किंगमध्ये. गाडी सपाट जागी, चाकांना विटा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड हवाच. फ्लुइडचा डबा सीलबंद. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने: मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक थोडं फ्लुइड घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. सीटवरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल पाव फेरा उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा आत! वरची डबी भरत राहायची. ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवायचा. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि चाकाच्या आतून ओल दिसली तर शहाणपणा बंद, थेट मेकॅनिक.

लहानपणी पेडलवर मी असायचो आणि खाली बाबा. या वेळी उलटं.

"दाबा!"

"धरलं."

"सोडा."

आधी बाटलीत कोऱ्या चहासारखं काळपट पाणी आलं, मग बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ फ्लुइड. कंपाउंडमध्ये हळू चालवून बघितली. पेडल दगडासारखं. "अजून एकदा बघ," बाबा म्हणाले. बघितलं.

तर मंडळी, डबी भरलेली दिसली म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. गाडीचं विचारा आणि ती सांभाळणाऱ्याच्या गुडघ्यांचंही. ब्रेक के पहले!