अर्जावरची दुसरी सही

मुंबईत मरोळ नाक्यावरून मरोशीच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की इमारती मागे पडतात आणि आरेची झाडी सुरू होते. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री या झाडीत करवती चालल्या. वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने त्याच दिवशी फेटाळल्या होत्या. मोबाइलवर बातमी फिरली तशी माणसे अंधारातच धावत आली. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली आणि २९ जणांना कोठडी मिळाली, त्यांत महिलाही होत्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडे पडली होती. ज्या मेट्रोच्या कारशेडसाठी हे झाले, ती आज मरोळ नाक्याखालून धावते.

मेट्रो हवी की झाडे, हा वाद या अंकाचा नाही. नोकरी, परीक्षा, घर डोळ्यांसमोर असताना पोलिसांच्या गाडीत चढणाऱ्या बाईचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र आहे.

उपनगराला हे दृश्य नवे नाही. शेजारच्या गोरेगावात मृणाल गोरे होत्या. त्यांनी डॉक्टरकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून समाजवादी चळवळीत उडी घेतली. १९५८मध्ये पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले. पदरात लहानगी मुलगी होती, तरी त्यांनी काम सोडले नाही. १९६१मध्ये त्या महापालिकेत निवडून गेल्या आणि नळासाठी इतक्या भांडल्या की लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’च करून टाकले. पुढे महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासह त्यांनी बायकांना लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आणले. ज्या लाटण्यावर घर चालते, तेच सरकारला दाखवायचे, ही कल्पना स्वयंपाकघर जाणणाऱ्या बाईलाच सुचू शकते.

आणीबाणीत तिघीही तुरुंगात गेल्या. मृणालताई भूमिगत होत्या. डिसेंबर १९७५मध्ये त्या पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला कोंडले होते. शेजारी कुष्ठरोगी बाई, समोर मनोरुग्ण बाई आणि तिचा अखंड आक्रोश. राजकीय कैद्याला मोडायची ही रीत होती. त्या मोडल्या नाहीत. १९७७मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवले. अहिल्याताईही निवडून आल्या. डिसेंबर २०२५मध्ये मृणालताईंच्या अटकेला ५० वर्षे पूर्ण होतात. विजयाची मिरवणूक सगळ्यांना आठवते, अकोल्याची कोठडी फारशी कुणाला आठवत नाही.

जगात इतरत्रही हाच हिशेब आहे. होंडुरासच्या बर्ता कासेरेस यांनी लेंका आदिवासींच्या नदीवरचे धरण अडवले. २ मार्च २०१६च्या रात्री मारेकऱ्यांनी त्यांना राहत्या घरात गोळ्या घातल्या. इराणच्या नर्गिस मोहम्मदी यांना २०२३चे शांततेचे नोबेल जाहीर झाले तेव्हा त्या तुरुंगात होत्या. डिसेंबरात ओस्लोमध्ये पदक घ्यायला त्यांची जुळी मुले उभी राहिली. कित्येक वर्षे त्यांना आई भेटली नव्हती. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाने वाचता येणारा शब्द होता, तो बदलून ‘सर्व माणसे’ असा शब्द यावा म्हणून भांडल्या त्या आपल्या हंसा मेहता. मुंबईच्या विधिमंडळात बसलेल्या आणि त्याआधी स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेल्या.

हक्क मिळाला की तो सगळ्यांचा होतो. किंमत मात्र एकटीने मोजलेली असते: कोर्टाच्या तारखा, चारित्र्यावरचे शिंतोडे, मुलांच्या शाळेतली कुजबुज. बाईने आवाज चढवला की पहिला प्रश्न तिच्या मागणीवर येत नाही, तिच्या घरावर येतो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

वाचकहो, तुमच्याही चाळीत, वस्तीत, सोसायटीत अशी एखादी असेल: पाण्यासाठी, रेशनसाठी, दारूचा गुत्ता बंद व्हावा म्हणून धडपडणारी. दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन तिच्याकडे जाल तेव्हा तिचा अर्ज मागून घ्या, वाचा, आणि पटला तर तिच्या सहीखाली आपली सही करा.