लांडोरीची बाजू

गेल्या गणेशोत्सवात आमच्या लष्कर भागातल्या एका मंडळाने मुलांसाठी चित्रकलेची स्पर्धा ठेवली होती. विषय, ‘आपला राष्ट्रीय पक्षी’. माझ्या नातीने एक लांडोर काढली, तिच्यामागे चार पिले आणि पलीकडे बाभळीचे झुडूप. परीक्षक सज्जन गृहस्थ. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारले, ‘‘बेटा, पिसारा काढायचा राहिला वाटतं?’’ पोर घरी येईपर्यंत बोलली नाही. मला मात्र तेव्हापासून लांडोरीची वकिली करावीशी वाटते आहे.

अन्यायाची सुरुवात नावापासूनच. ‘लांडोर’ म्हणताना कानाला ‘लांडी’ ऐकू येते. जणू देवाने सगळे मोरच घडवले आणि काहींचे शेपूट छाटून ठेवले! वास्तविक पिसारा हे मोराचेही शेपूट नव्हेच. शेपटावर पांघरूण घालणारी पाठीकडची पिसे लांबत जाऊन पिसारा होतो. खरे शेपूट वीसएक आखूड, तपकिरी पिसांचे. पिसारा उभा राहिला की त्याला मागून टेकू देण्याचे काम त्याचे. बरे, हा पिसारा तरी बारमाही कुठे असतो? तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत तो पुरता येत नाही, आणि दरवर्षी पावसाळा सरताना गळून जातो. त्या झगमगाटात निळा रंगही नसतो. पिसाच्या आत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. त्या रचनेवर उजेड खेळतो आणि आपल्याला निळे-हिरवे दिसते. पीस कुटून पाहा, हाती तपकिरी भुकटी येईल.

हा सारा थाट मांडला जातो तो लांडोरीपुढे. एका मोसमात तीनचार मोर जवळपास आपापल्या जागा धरून नाचतात. ती येते, पाहते आणि बहुधा निघून जाते. पिढ्यान्‌पिढ्या माद्यांनी केलेल्या निवडीतून पिसारा वाढत गेला, हे डार्विनने १८७१ साली मांडले. ती नेमके काय पाहते यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही. १९९१ साली इंग्लंडातल्या अभ्यासात अधिक डोळ्यांच्या पिसाऱ्याला पसंती दिसली. २००८ साली जपानातल्या मंडळींना तसे काही आढळले नाही. २०१३ साली अमेरिकेत लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारी यंत्रे बसवली, तेव्हा समोर मोर नाचत असताना बाईसाहेब बराच वेळ इकडेतिकडेच पाहत असल्याचे निघाले. मला तर हे वाचून फार बरे वाटले.

आणि अशा चोखंदळ मादीविषयी आपण काय सांगतो? मोर ब्रह्मचारी, त्याचे अश्रू पिऊन लांडोरीला गर्भ राहतो! ही कथा मी लहानपणी कीर्तनात ऐकली होती. ३१ मे २०१७ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांना तीच सांगितली, तेव्हा देशभर हसू झाले. हसणाऱ्यांपैकी कितींनी लांडोरीचे घरटे पाहिले होते, हे मला विचारायचे आहे.

ते घरटे म्हणजे झुडपाच्या आडोशाला जमिनीत उकरलेला खळगा. त्यात चार-सहा अंडी. सुमारे अठ्ठावीस दिवस ती एकटी उबवते. मोर तिकडे फिरकतही नाही. तिचा तपकिरी रंग तुम्हांला उदास वाटतो ना? त्याच रंगामुळे चार हातांवरून कुत्रे जाते आणि त्याला ती दिसत नाही. पिले निघाली की किडा चोचीत धरून त्यांच्यापुढे करते. डोक्यावर तुरा तिलाही आहे, मानेवर हिरवी झळाळी तिलाही आहे. पण पाहायला कोण थांबतो?

आमच्या ग्वाल्हेरीपासून मुरैना काही दूर नाही. मोरांवरूनच त्या गावाला नाव पडले असे सांगतात. त्या बाजूची बीहडे सपाट करून शेते निघत आहेत, झुडपे जात आहेत, औषध लावून पेरलेले बियाणे टिपून पाखरे मरत आहेत. १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान एका जातीला दिला गेला, एकट्या नराला नव्हे. १९७२ च्या कायद्याचे संरक्षणही दोघांना आहे. पण बांधावरचे झुडूप तोडताना आपण पिसारा दिसतो का तेवढेच पाहतो, आणि तो तिथे कधीच नसतो. तिथे ती असते, अंड्यांवर बसलेली.

आपल्या वाङ्मयातही हेच. मोरोपंतांच्या ‘केकावली’पासून बालगीतांपर्यंत हाक मोराची, नाच मोराचा.

नातीचे चित्र मी चौकटीत बसवून बैठकीत लावले आहे. येणारेजाणारे कौतुकाने पाहतात आणि विचारतात, ‘‘तितर का हो हा?’’