कमी आत्मविश्वास पडतो की नियत?

पहिल्या नोकरीला लागलेल्या आपल्या मुलींना हल्ली ‘लीन इन’ वाचायला सांगतात. फेसबुकच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी वर्तुळातल्या शेरिल सँडबर्ग यांचं हे २०१३ चं पुस्तक सांगतं, मागे राहू नका, टेबलाशी बसा, पगारवाढ मागा. मागायलाच हवी. पण जिथे आडनावावरून जात ताडली जाते, ‘कोट्यातून आलीस का?’ असा टोमणा बसतो, तिथे उणीव मुलीच्या आत्मविश्वासात शोधायची की ऑफिसच्या नियतीत?

२० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिथे आपल्या बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वावर बंदी मागितली, गिरणी-विडी कामगार स्त्रियांसाठी रजा, भरपाई, पेन्शन मागितलं. स्वतःपुरती बढती नव्हे, सगळ्यांसाठी नियम! नेतृत्व म्हणतात ते हे.

म्हणून मुलींनो, ‘लीन इन’ खुशाल वाचा. पण त्याआधी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचा. आणि साहेबाच्या केबिनमध्ये शिराल तेव्हा सफाईवाल्या मावशीच्या रजेचाही विषय काढा.

जय भीम!