जालना सोने का पालना, पण पालन्यात पोर कुणाची?

आमच्या वस्तीतली एक बाई. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीवर. पोरीला कॉन्व्हेंटात घालायचं म्हणून बाईनं एक दिवसाची मजुरी बुडवली, रांगेत उभी राहून फॉर्म आणला. मुलाखतीच्या दिवशी पोरीच्या केसांना तेल, लाल रिबिनी. पोरगी धीट. तिनं रंग सांगितले, आकडे सांगितले, गाणं म्हणून दाखवलं. मग तोफ आईकडे वळली. ‘हजबंड क्या करता है? आपकी पढाई कितनी? घर में इंग्लिश कौन बोलता है?’ बाई म्हणाली, ‘घरात कुणी बोलत असतं तर तुमच्याकडं कशाला आणलं असतं हिला?’

यादी लागली. पोरीचं नाव नव्हतं.

शाळेचं नाव लिहीत नाही. एकीचं लिहिलं की बाकीच्या सुटतात. मुंबई-पुण्यातल्या मुलींच्या कॉन्व्हेंटांची ही रीत आता जिल्ह्याच्या गावात उतरलीय.

दोस्तहो, त्या बाईच्या एका वाक्यात सगळा मामला आहे. शाळेचं काम शिकवण्याचं. पण ही शाळा आधीच शिकलेल्यांना निवडते आणि दहावीचा निकाल लागला की आपली पाठ थोपटून घेते. साडेतीन वर्षांच्या पोरीची गुणवत्ता ती कसली? बापाचा पगार, आईची डिग्री, कॉलनीचा पत्ता. जात कुणी विचारत नाही. गरजच नाही. आडनाव, वस्ती आणि बापाचा धंदा या तीन रकान्यांत जात आपसूक भरली जाते.

आणि ही शर्यत मुलींसाठी इतकी जीवघेणी का? कारण बाजारात भाव आहे. वधूवरांच्या जाहिराती काढून बघा. गोरी, गृहकृत्यदक्ष, कॉन्व्हेंट शिकलेली. बियाण्याच्या आणि स्टीलच्या पैशावर फुगलेल्या आमच्या गावातल्या पेठेला शिस्तीची, चार इंग्रजी वाक्यं बोलणारी सून पाहिजे. नन्सचा पहारा असलेली शाळा त्यांना सोयीची पडते. आमच्या पोरीला मात्र शाळा पाहिजे ती जगण्यासाठी. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यातल्या दर पाच बायांमागं सुमारे दोघी निरक्षर निघाल्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यात दर तिघींत एकीचं लग्न अठराच्या आत उरकलेलं दिसलं. आई-बाप कोयता घेऊन उसाच्या फडावर गेले की पोर धाकट्या भावंडांच्या राखणीला. तिच्यासाठी शाळेचं दार म्हणजे बोहल्यापासून सुटका.

मिशनचं आपल्यावर ऋण आहे. ते नाकारणारा नादान. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार पोराला दारातून परत पाठवलं आणि कंपनी सरकारनं सवर्णांच्या रागाला भिऊन हात वर केले. जोतीराव शिकले ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. नगरला अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली काढली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो छापला मिशनच्या ‘ज्ञानोदय’नं. मुक्ताच्या आईचं शिक्षण कुणी विचारलं असतं, तर तो निबंध लिहिलाच गेला नसता.

ही झाली प्रोटेस्टंट मंडळी. आपल्या जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्रीही त्याच गोटातले. ते जन्मानं ब्राह्मण, पण त्यांच्याकडं आले ते बहुतेक महार-मांग. कॅथलिकांची कथा वेगळी नाही. औरंगाबाद जिल्ह्यात घोगरगावला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांचं मिशन निघालं, तिथंही आले ते गावकुसाबाहेरचेच. १९७७ साली औरंगाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला. जालना त्यातच. त्याचा पाया या माणसांनी भरला. आज त्यांच्याच नाती कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर उभ्या आहेत, आणि आत मोटारीतून कोण उतरतंय ते तुम्ही रोज बघता.

आता कायदा बघू. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. खाजगी शाळेनं पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरांतल्या पोरांना द्यायच्या. कलम १३ म्हणतं, प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-बापाची चाळणी लावायची नाही. लावली तर पहिल्यांदा पंचवीस हजार दंड, पुढं दर खेपेला पन्नास हजार. म्हणजे त्या बाईला विचारलेला एकेक प्रश्न दंडाचा. पण थांबा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं आणि ६ मे २०१४ च्या प्रमती निकालानं सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर काढल्या. आधार घटनेच्या अनुच्छेद ३० चा.

अनुच्छेद ३० दिला कशाला? संख्येनं थोड्या असलेल्या समाजाला बहुसंख्याकांनी गिळू नये म्हणून. ढाल म्हणून. ती ढाल आडवी धरून फाटक बंद करा, असं तिथं लिहिलेलं नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाचा २०२१ चा अहवाल सांगतो की ख्रिस्ती शाळांतली ७४ टक्के मुलं बिगरख्रिस्ती, आणि अल्पसंख्याक शाळांत वंचित घरांतली मुलं जेमतेम ८.७६ टक्के. मग ढाल कुणाचं रक्षण करते? ख्रिस्ती गरिबाचं की पेठेतल्या शेठजीचं?

दलित ख्रिश्चनाची तर दुहेरी गोची. १९५० च्या आदेशानं तो अनुसूचित जातीबाहेर. शिखांना १९५६ साली आत घेतलं, बौद्धांना १९९० साली, त्याला अजून नाही. सरकार म्हणतं, तुमच्यात जात नाही. चर्च काय म्हणतं? २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांसाठी धोरण काढून आपल्यात जात आहे हे कबूल केलं. कबुली झाली. आता प्रवेशाची यादी दाखवा.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. चर्चवर दगड मारणाऱ्यांच्या कळपात आपण नाही. ते या आकड्यांवर टाळ्या पिटतात, पण ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं अधिसूचना काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. तेव्हा यांची दातखीळ बसली होती. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ ला ती रद्द केली म्हणून वाचलो. संस्थाचालक शिखा ठेवणारा असो की क्रूस घालणारा, फुकटची पोर दोघांनाही नको.

आणि आता आपलं. बाबासाहेबांच्या पुण्याईनं नोकरी लागलेले आपले साहेब त्याच रांगेत उभे आहेत. पोरीला प्रवेश मिळाला की वस्तीकडं पाठ. मीही एकदा भाचीच्या फॉर्मवर आमच्या वस्तीचं नाव टाळून शेजारच्या कॉलनीचं टाकलंय. लाज वाटते, म्हणूनच सांगतो. पत्ता लपवून मिळालेल्या प्रवेशानं एक पोरगी आत जाते आणि त्या पत्त्यावरच्या बाकीच्या बाहेर राहतात. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात कॉलेज काढलं ते निवडक चौघांना वर काढायला नव्हे.

प्रमती निकालाबद्दल सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कोर्ट करील तेव्हा करील. चर्चला मुलाखत बंद करून चिठ्ठ्या टाकायला कुठल्या कोर्टाची परवानगी लागते? पाव जागा दलित, दलित ख्रिश्चन, भटक्या पोरींना दहावीपर्यंत बिनफीच्या द्यायला कुणी अडवलंय? बिशपसाहेब, एवढंच मागणं आहे. आणि सरकारकडं मागणं हे, की आमच्या बहुतेक पोरी जिथं शिकतात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेला मास्तर द्या, इंग्रजी द्या. मग कॉन्व्हेंटचा तोरा आपोआप उतरेल.

पोरांनो, फॉर्मचा हंगाम आला की फाटकावर जा. जिथं पंचवीस टक्के लागू आहेत तिथले अर्ज वस्तीत बसून भरा. आपल्या लोकांना त्यात उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो, हे कितीजणांना ठाऊक आहे? जिथं मुलाखत होते तिथं बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आईला विचारा, काय काय विचारलं? वहीत तारखेसह लिहा. ती वही घेऊन बिशपकडं जाऊ, शिक्षणाधिकाऱ्याकडं जाऊ.

पहिल्या पानावर त्या बाईचा सवाल लिहिलेला असेल. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

जयभीम.