गंगाजळीचे तोंड उघडा

आपल्या देव्हाऱ्याच्या एका कोपऱ्यात तांब्याची लहानशी गंगाजळी असते. आजोबा-पणजोबांपैकी कोणी काशीहून आणलेली, तोंडाशी डाख लावून पक्की बंद केलेली. पिढ्यान्पिढ्या तिला गंधाक्षता वाहिल्या जातात. आणि ती फोडली जाते केव्हा, तर घरातले माणूस अखेरचा श्वास घेऊ लागते तेव्हा.

ग्वाल्हेरच्या इतिहासात हाच शब्द निराळ्या अर्थाने भेटतो. किल्ल्याच्या पोटातील शिंद्यांच्या गुप्त खजिन्याला गंगाजळी म्हणत. युद्ध, दुष्काळ अशा आणीबाणीच्या प्रसंगासाठी राखलेले ते धन होते. १८८६ साली जयाजीराव शिंदे निवर्तले, तेव्हा त्यांचे चिरंजीव माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. खजिन्याची वाट पुत्राला सांगण्यापूर्वीच पित्याने डोळे मिटले आणि पुढे ती शोधून काढावी लागली, असे सांगतात. आज तर कोणत्याही संस्थेच्या शिल्लक निधीला आपण सर्रास गंगाजळी म्हणतो. पाणी, धन आणि संकटकाळ ह्या तिन्ही गोष्टी ह्या एका शब्दात नांदतात. आमची तक्रार एवढीच की, आमच्या देवस्थानांनी ह्या तिहींपैकी धन तेवढे जपले. पाणी आणि संकटकाळ ह्यांचा त्यांना विसर पडला.

ग्वाल्हेरीतून ही तक्रार करणे अगदीच अस्थानी नाही. ह्या नगराचे नावच एका साधूने पाजलेल्या पाण्यातून आले आहे. ग्वालिपा नावाच्या सिद्धाने सूरजसेन राजाला कुंडाचे पाणी दिले, राजाचे कुष्ठ गेले, आणि राजाने किल्ल्याला त्या साधूचे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. ते सूरजकुंड आजही किल्ल्यावर दाखवतात. मानसरोवर, गंगोळा ताल, एकखांबा ताल, जौहर कुंड अशी तळी त्याच डोंगरमाथ्यावर आहेत, आणि त्यांच्याच सान्निध्यात तेली मंदिर व सासबहूची देवळे उभी आहेत. देऊळ बांधणे आणि पाणी साठवणे ही आमच्या पूर्वजांच्या लेखी एकाच पुण्याची दोन अंगे होती. शास्त्राने यज्ञयागाला ‘इष्ट’ आणि विहीर, तळे, अन्नसत्र ह्यांना ‘पूर्त’ म्हटले आणि दोहोंचा मिळून इष्टापूर्त असा एकच समास केला. आम्ही त्या समासाचा विग्रह केला आणि उत्तरपद टाकून दिले!

किल्ल्याच्या चढावर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. तेथील संवत् ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा, शिलालेख त्यातील २७० आणि ५० ह्या अंकांतल्या शून्यामुळे जगभर प्रसिद्ध आहे. गणिती मंडळी ते शून्य पाहून कृतार्थ होतात. देवस्थानांच्या विश्वस्तांनी मात्र शून्याच्या पलीकडचा मजकूर वाचावा. फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आहे, तीतून देवाला रोज ५० माळा पोहोचाव्यात, असा तो व्यवहार आहे. दात्याने उत्सवापुरत्या माळा वाहून हात झटकले नाहीत. माळा ज्या मातीतून निपजतात ती मातीच त्याने देवाच्या नावे करून दिली. नंदादीपाची रीतही हीच. मूळ रक्कम अभंग राहते, तिच्या उत्पन्नातून रोजचे तेल येते आणि दाता गेला तरी दिवा विझत नाही.

हे शहाणपण आमच्या रक्तात असताना खेड्यातल्या पाण्याच्या बाबतीत ते कोठे जाते? आज गावोगावच्या पाण्याचा प्रश्न खोदण्याच्या पैशापाशी तितकासा अडत नाही. तो राखण्याच्या पैशापाशी अडतो. योजना सुरू होते उद्घाटनाने आणि बंद पडते वीजबिलाने. मोटर जळते, ती बांधून आणण्यास कोणाजवळ पैसे नसतात. पाण्याची पातळी खाली जाते, नळ कोरडा राहतो आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडा चढतो. २०१७ साली मध्य प्रदेशात ज्या जिल्ह्यांत दुष्काळ जाहीर झाला त्यांत ग्वाल्हेरही होता. घाटीगावकडच्या खडकाळ पठारावरील सहरिया वस्त्यांना तर दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावी लागत नाही. त्यांचा तो दरसालचा सोबती आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने जल जीवन मिशन सुरू केले. गावातील कामाच्या भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा गावाने द्यावा, डोंगराळ, वनक्षेत्रातील किंवा अनुसूचित जातिजमातींच्या बहुसंख्य गावांनी विसावा हिस्सा द्यावा, पाणी समितीत निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि गावातील कामाच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम पुढे देखभालीचा फिरता निधी म्हणून गावाच्या हाती यावी, अशी त्याची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. विचार योग्य आहे. हा फिरता निधी म्हणजे गावाची गंगाजळीच. परंतु ज्या गावात पाण्याअभावी दुबार पेरणी बुडाली, तेथे पट्टी द्यावी कोणी आणि मागावी कोणी? नेमक्या ह्या ठिकाणी देवस्थानाने पुढे यावे, असे आमचे म्हणणे आहे.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे काम सरकारचे. मान्य. पण सरकार खोदून देते. त्या खोदलेल्याची काळजी जो घेईल तो गावाचाच माणूस असावा लागतो. महाराष्ट्रात जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि तरीही भूजलाच्या पातळीवर तिचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने म्हटले. त्या योजनेला मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने आणि शिर्डीच्या संस्थानाने निधी दिला होता. त्यांचे औदार्य वंदनीय आहे. पण एकदा दिलेला धनादेश म्हणजे उत्सवापुरती माळ. गावाला फुलबाग हवी आहे.

दुसरा आक्षेप धार्मिक असतो: देवाचा पैसा देवासाठीच. असे म्हणणाऱ्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला जाऊन यावे. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंके ह्यांनी तेथील देवस्थानची ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली, पावसाचे पाणी बांधबंदिस्ती करून अडवले आणि त्या उजाड माळावर पीक उभे केले. त्यातून पाणी पंचायत जन्मास आली. तिचे नियम पाहावेत. पाणी जमिनीच्या मापाने वाटावयाचे नाही, माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जात नाही. ऊस लावावयाचा नाही. आणि उभारणीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरावयाचा. बाकीचा अनुदानातून व कर्जातून. देवाची जमीन माणसांच्या कामी आली म्हणून त्या देवाचे काही उणे झाले काय?

आमच्या गोमंतकीय वाचकांस तर हे नवे वाटू नये. गांवकरीच्या उत्पन्नातून देवळाचा खर्च आणि खाजनांच्या बांधांची डागडुजी ही दोन्ही कामे निघत, आणि ती भागल्यावर गांवकारांच्या वाट्याची जोण निघे. देवळाइतकाच बांधही गावाचा आधार मानला जाई. पेडण्याच्या केरी गावातून निघून महादजी शिंद्यांचे सेनानी झालेल्या जिवबादादा केरकरांच्या पिढीला ही रीत समजावून सांगावी लागली नसती.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तोच सर्वांत खरा असतो: ती दूरची खेडी, आमचा त्यांच्याशी संबंध काय? संबंध रोज सकाळी नळाला येतो. सांक नदीवरचे तिघरा धरण ग्वाल्हेरची तहान भागवण्यासाठी बांधले गेले. १९१७ च्या ऑगस्टात ते पुराने फुटले, आणि १९२९ साली ते पुन्हा उभे राहिले. त्यातील पाणी पुरेनासे झाले की ककेटो आणि पेहसारी येथील साठ्यांतून ते भरून घेतले जाते. म्हणजे खेड्यांच्या शिवारावर पडलेला पाऊस आम्ही शहरात पितो. शहराला गरज होती म्हणून फुटलेले धरणदेखील नव्याने बांधले गेले. खेड्यातली विहीर ढासळली तर तिच्यातले दगड उपसण्यासही कोणी फिरकत नाही. तेव्हा आम्ही जे देऊ ते दान म्हणून मिरवू नये. ते ऋण आहे, आणि त्याची फेड बरीच थकली आहे.

म्हणून प्रत्येक देवस्थानाने पुढील वार्षिक सभेत एक ठराव करावा. शिल्लक निधीचा एक निश्चित भाग ‘जलनंदादीप’ म्हणून वेगळा काढावा. मूळ रकमेला हात न लावता तिच्या व्याजातून एका ठरलेल्या गावाच्या विहिरीचा गाळ, मोटरीची दुरुस्ती आणि पंप चालवणाऱ्याचे वेतन भागवावे. न्यासाच्या घटनेत अशा खर्चाला जागा नसेल तर रीतसर मार्गाने ती करून घ्यावी. हिशेब पाणी समितीतील स्त्रियांच्या हाती असावा आणि तो दर उन्हाळ्यापूर्वी देवळाच्या सभामंडपात वाचला जावा. गुप्त गंगाजळीचा वारस कसा अंधारात चाचपडतो, ते ह्या शहराने पाहिले आहे.

आणि एक अट अशी की, ती मोडल्यास ठरावाला काडीचे मोल राहणार नाही. देवाच्या पैशाने राखलेल्या पाण्यावर कोणाचीही जात विचारली जाऊ नये. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि ते तळे सर्वांचे आहे हे १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगावे लागले. ती लाज आमची आहे. सहरियाचा हंडा शेवटी भरावयाचा असेल, तर तो जलनंदादीप लावूच नये. त्या उजेडात आमचेच तोंड काळे दिसेल.

पाऊस पडत नाही म्हणून कोणी पर्जन्ययाग करील, तर आम्ही त्याला अडवणार नाही. मात्र यागाचा मंडप उतरल्यावर त्याच मंडळींनी कुदळ-फावडे घेऊन गावतळ्यावर यावे. पाऊस देवाने पाडावयाचा असला, तरी गाळ माणसानेच काढावयाचा असतो.

एकनाथ महाराजांची कथा आम्ही कीर्तनात पुनःपुन्हा ऐकतो. काशीची गंगा कावडीत भरून ते रामेश्वरास निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी देवासाठी आणलेले ते पाणी त्याच्या मुखी घातले, आणि आपला रामेश्वर येथेच तृप्त झाला असे मानले. ह्या प्रसंगी आमचे डोळे हमखास पाणावतात. घरी आल्यावर आम्ही आपली गंगाजळी पुसून, गंध लावून, पुन्हा कोपऱ्यात ठेवून देतो. तिचा डाख वेळीच काढावा. खेडे अखेरचा श्वास घेऊ लागल्यावर त्याच्या ओठी घातलेले दोन थेंब आमच्या समाधानापुरते असतील. त्याला जगवण्यास ते पुरे पडणार नाहीत.