न फुंकता मोजलेला श्वास

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथिल आयसोसायनेटने ज्यांची फुप्फुसे कायमची दुखावली, आणि ज्यांपैकी काही कुटुंबे पुढे जुने भोपाळ सोडून आमच्या अयोध्या नगरासारख्या वसाहतींत राहावयास आली, त्यांना श्वासाच्या तपासणीस नेले की प्रथम एकच हुकूम कानी पडतो: छाती भरून श्वास घ्या आणि जोराने फुंका. ज्याचा श्वासच व्याधीने हिरावून घेतला आहे त्याच्याकडेच परीक्षेने श्वासाचे बळ मागावे, ही विसंगती मला फार जाचते. कारण खोकल्याची उबळ येते, फुंक अर्धवट राहते आणि दप्तरी नोंद झालेला आकडा फुप्फुसाची अवस्था सांगतो की रुग्णाचा थकवा, याचा निवाडा वैद्यालाही करता येत नाही.

विद्युत्-संरोधाची, म्हणजे इम्पीडन्सची, पद्धती रुग्णाकडे असे काहीच मागत नाही. छातीवर चार पट्ट्या लावावयाच्या, बाहेरच्या दोहोंतून काही मिलीअँपिअरचा, सेकंदाला सुमारे ५० हजार आवर्तने करणारा आणि म्हणून रुग्णास मुळीच न जाणवणारा प्रवाह सोडावयाचा व आतल्या दोहोंमधला विद्युद्दाब मोजावयाचा, एवढाच तिचा विधी. रक्त विजेला सुलभ वाट देते, हवा ती अडवते. त्यामुळे श्वास आत गेला की संरोध वाढतो आणि हृदयाने महारोहिणीत रक्त लोटले की तो घटतो. छातीचा मूळ संरोध साधारण २५ ओहम असला, तर प्रत्येक ठोक्याचा हा फरक ओहमच्या एखाद-दोन दशांशांचाच असतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात कुबिचेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये याच सूक्ष्म स्पंदनावरून हृदय एका ठोक्यास किती रक्त फेकते याचे गणित मांडले. ते काम अंतराळवीरांसाठी होते.

आपल्याकडे हे शास्त्र रुजविण्याचे श्रेय मुंबईचे आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जी. डी. जिंदल यांनी सहकाऱ्यांसह ही उपकरणे देशातच घडविली, आणि परळच्या केईएम रुग्णालयाचे हृद्शल्यविशारद डॉ. जी. बी. पारुलकर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा मूलतत्त्वांवरील लेख १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. अणुशास्त्राच्या आगारातून रुग्णशय्येकडे आलेल्या या विद्येचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. छातीत पाणी साचलेले असेल, हृदयाची झडप बिघडलेली असेल किंवा पट्टी बोटभर सरकली असेल, तर निघालेला आकडा विश्वासार्ह राहत नाही. श्वासनलिका किती आकसल्या आहेत हे फुंकीच्या परीक्षेइतके नेमके ती दाखवीत नाही. परंतु एकाच रुग्णाची एकाच रीतीने वर्षानुवर्षे नोंद ठेवून प्रकृतीतील घसरण कळावी, एवढ्या कामास ती पुष्कळ उपयोगी आहे, आणि भोपाळला प्रस्तुत गरज नेमकी त्या दीर्घ नोंदीची आहे.

म्हणून गॅस राहत खात्याने आपल्या दवाखान्यांत ज्या रुग्णांना फुंकता येत नाही त्यांच्यापुरती तरी या तपासणीची तजवीज प्रयोगादाखल करावी, आणि तिचा कागद प्रत्येक रुग्णाच्या हाती द्यावा, अशी माझी त्या खात्यास आग्रहाची विनंती आहे.