उसना दिलेला कोश

स्नेह्यास दिलेली वस्तू परत मागणे हा कोतेपणा होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मला तर न मागणेच पुष्कळदा स्नेहास बाधक वाटते.

नारायण पेठेत मोदी गणपतीनजीक राहणाऱ्या एका स्नेह्यांस मी मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश दिला होता. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. वायदा आठ दिवसांचा, लोटली तीन वर्षे. त्यांच्याकडे कितीदा तरी गेलो, चहा घेतला, फडताळातील कोशाकडे पाहिले आणि रिक्त हस्ते परतलो. तेथे चकार शब्द काढला नाही. घरी मात्र त्यांच्या बेफिकिरीचा पाढा वाचीत असे. यास भिडस्तपणा म्हणावे की निंदा?

१८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर ग्रंथ देते व मुदतीने परत मागते. त्यात कोणास अपमान वाटत नाही. जुने लेखनिक तर पोथीच्या अखेरीस, तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून हिला जपा, अशी विनवणी लिहून ठेवीत. विद्यार्थी मित्रहो, कंपासपेटी नेणाऱ्या सोबत्यास तुम्ही बिनदिक्कत विचारता. आम्हां प्रौढांसच ते जड जाते.

अखेर मी धीर करून विचारले. स्नेह्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मुलाच्या हातून कोशावर समईचे तेल सांडले होते, आणि मी कधी विचारीन या धास्तीत ते तीन वर्षे होते.

कोश आता घरी आहे. ‘प’ची पाने तेलकट झाली, परंतु वाचता येतात. परवा त्यांनी माझी छत्री नेली. गुरुवारी आणून द्या, असे मी दारातच सांगितले.